पुलाखालून जाण्यापुरतं वजन

आता बसचं नाव काढलं तरी माझे पाय दुखायला लागतात. आठवड्यातून दोनदा सासऱ्यांना, आमच्या आबांना, घेऊन बुऱ्हाणपूरला जायचं, दवाखान्यात त्यांना मशीनला लावलं की बाहेरच्या बाकावर बसून राहायचं, आणि संध्याकाळी त्यांना धरून धरून परत आणायचं. त्यांच्या किडन्या गेल्या आहेत. मशीन रक्त धुऊन देतं म्हणून माणूस चालतोय. नवरा सुरतेला कंपनीत. तो सणावाराला येतो आणि मिठाईच्या डब्याबरोबर सल्ले घेऊन येतो. "अगं, रिक्षा करत जा ना!" म्हणतो. उंटावरचा शहाणा! रिक्षावाले आमच्या रस्त्याचं नाव ऐकलं की दुसरीकडे बघतात. एक तयार झाला होता, तर खड्ड्यांनी आबांना इतकं हलवलं की घरी येईपर्यंत त्यांच्या पोटात काही राहिलं नाही. मोटरसायकलवर मागे बसवावं तर मशीनवरून उठलेल्या माणसाला चक्कर येते. राहिली बस.

मी बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातली मुलगी. दारातून पाय बाहेर टाकला की बाजार, अशी माझी सवय. लग्न करून आले ती असीरगढच्या बाजूला, मोठ्या रस्त्यावरून आत वळल्यावर केळीच्या बागांमधून जो रस्ता येतो त्या रस्त्याच्या शेवटी. पण गावाच्या आधी रेल्वेची लाइन आडवी येते. लाइनच्या खालून रस्ता काढलेला, आणि तो पूल बुटका. पुलाच्या अलीकडे रेल्वेने काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची लोखंडी कमान उभी केली आहे, की बाबांनो, याच्यापेक्षा उंच गाडी पुढे आणू नका. त्या कमानीला कुण्या ट्रकने धडक देऊन कधीच वाकडं केलंय. वरची आडवी पट्टी एका बाजूने उचललेली आहे आणि तिच्यावर लिहिलेली उंची घासून गेली आहे.

आमच्याकडे येणारी जुनी बस त्या पुलाखालून जायची, पण तिची एक रीत होती. गाडी भरलेली असली की चाकांवरच्या लोखंडी पाट्यांवर दबायची, चार बोटं खाली बसायची आणि निघायची. रिकामी असली की टप घासायचा. म्हणून पुलाच्या अलीकडे कुणी उतरायचं नाही, हा नियम. अलीकडे थोडी वस्ती आहे, एक चहाची टपरी आहे. तिथल्या माणसांनीही आपल्या दारावरून पुढे जायचं, पुलाखालून पलीकडे निघायचं, तिथे उतरायचं आणि चालत घरी परत यायचं. गाडीत माणसं कमी असली तर कंडक्टर दारातून वाकून टपरीकडे हाक मारायचा, "चला हो, वजन कमी पडून राह्यलं!" की टपरीवरचे लोक चहाचे ग्लास तसेच ठेवून गाडीत चढायचे, पलीकडे उतरायचे आणि परत येऊन तोच चहा प्यायचे. नवी नवरी होते तेव्हा मला वाटलं, कुठल्या येड्यांच्या गावात दिलं मला! एका बाईला विचारलं, की ह्या बाबाचं घर मागे गेलं तरी हा उतरत का नाही? ती पदर तोंडाला लावून हसली. "गाडी दबवाले बसला वं तो."

ह्या गाडी दबवणाऱ्यांचे पुढारी आमचे आबा. अंगाने दांडगे. आमची बाग पुलाच्या अलीकडे, त्यामुळे दुपार कलली की बागेतून निघून टपरीवर बसायचे, आणि गाडी आली की हाकेची वाट न बघता चढायचे. मागच्या चाकावरची सीट त्यांची. तिथे बसून पुढचा रॉड दोन्ही हातांनी धरायचे, पाय पत्र्यावर घट्ट रोवायचे आणि डोळे मिटायचे. जशी काही गाडी तेच खाली दाबताहेत. कंडक्टर मोठ्याने सांगायचा, "आबा चढले, जाऊ द्या!" ड्रायव्हरही मग निर्धास्त गाडी घालायचा. मी घरी थट्टा करायची, "आबा, अजून एक भाकर घ्या, नाहीतर उद्या गाडी अडकेल." ते हसत नसत. गंभीरपणे ताट पुढे करायचे.

मग दुखणं आलं. मशीनचं सगळं गणित वजनावर चालतं. आधी काट्यावर उभं करतात, नंतर काट्यावर उभं करतात. मधल्या दिवसांत अंगात साठलेलं पाणी मशीनने काढायचं असतं. वजन वाढलं की नर्सबाई ओरडते, "बाबा, पानी कम पियो, कितना वजन बढ़ाके आए!" आणि उतरलं की म्हणते, शाबास. आबा काट्यावरून खाली मान घालून उतरायचे. मला वाटायचं, थकले. मी त्यांना बाकावर टेकवायची, चप्पल घालून द्यायची आणि गाडी सापडेल का ह्या काळजीत असायची. दुसरं काही बघायला मला फुरसत कुठे होती?

अशात जुन्या बसची मुदत संपली. परमिट मिळेना, तेव्हा मालकाने इंदूरकडून दुसरी गाडी आणली. तीही कुणाची तरी वापरलेलीच. रात्रीच्या लांबच्या प्रवासाची गाडी ती, खाली झोपायच्या बर्थ, वर झोपायच्या बर्थ, टपावर मागच्या बाजूला एसीचा खोका. एसी बंद, पण खोका जागेवर. गावाने तिचं नाव ठेवलं डबल डेकर. पहिल्या दिवशी म्हाताऱ्या बायासुद्धा शिडीने वर चढून बसल्या आणि खाली वाकून हसत होत्या.

मी त्या दिवशी रडले, खोटं कशाला सांगू? आबांना खालच्या बर्थवर आडवं करता आलं. जुन्या गाडीत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर असायचं आणि खांदा बधिर व्हायचा. आता ते लांब पाय करून डोळे मिटून पडले होते आणि मी खिडकीशी नुसती बसले होते. देवाला हात जोडले, की बाबा, उशिरा का होईना पण बघितलंस आमच्याकडे.

गाडी कमानीपाशी येऊन थांबली. ड्रायव्हर नवा, इंदूरचा. खाली उतरून त्याने वर बघितलं, पुलाकडे बघितलं आणि म्हणाला, "नहीं जाएगी." झालं! टपरीवरून सगळे धावले. नहीं कैसे जाएगी? आमच्या पुलाखालून गाडी कशी काढायची हे आम्हाला शिकवतो का? चढा रे सगळे! वर, खाली, मधल्या वाटेत, जिथे जागा मिळेल तिथे माणसं दाटली. आणि आबा उठले. "पडून राहा," मी म्हणाले. ऐकतील तर ना! सुई टोचलेल्या हाताने बर्थचे दांडे धरत मागच्या चाकावर गेले, टेकले, पाय रोवले आणि डोळे मिटले.

ड्रायव्हरने गाडी घातली. कमानीच्या उचललेल्या बाजूने ती करकरत आत आली. पुढचा भाग पुलाखालून निघालासुद्धा, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि मागे धाडकन आवाज झाला. एसीचा खोका पुलाला अडकला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. गाडी पुढे जाईना की मागे येईना. शेवटी सगळ्यांना उतरवून ड्रायव्हर शिव्या देत खाली शिरला, कसलीशी नळी सोडवली, भस्सकन हवा सुटली आणि गाडी थकलेल्या म्हशीसारखी खाली बसली. मग त्याने ती हळूहळू मागे घेतली. बाहेर येऊन त्याने सांगितलं, की ही गाडी पाट्यांवर नाही, हवेच्या फुग्यांवर उभी आहे. माणसं वाढली की ती आपली आपण जास्त हवा भरून घेते. "सौ आदमी बैठो या खाली रखो, ऊँचाई उतनी ही रहेगी," तो म्हणाला. कुणाला ते पटलं नाही.

मालकाचा फोन आला, की गाडी यापुढे कमानीपर्यंतच. पुलाखालून पायी जा.

पुढच्या खेपेला मी आबांना पायी आणलं. पुलाखाली बारा महिने पाझराचं पाणी साचलेलं, त्यात दगड टाकलेत. एका दगडावरून दुसऱ्यावर पाय टाकताना ते माझ्या अंगावर लटकले, आणि मधेच एका दगडावर बसून राहिले. वरून मालगाडी गेली. ती संपेपर्यंत आम्ही तसेच. मी मालकाला, रेल्वेला, सुरतेला बसलेल्या नवऱ्याला, सगळ्यांना तिथे उभी राहून शिव्या घातल्या. घरी पोचल्यावर आबा खाटेवर पडून म्हणाले, "मी आता जात नही."

मला वाटलं चिडलेत, सकाळपर्यंत निवळतील. निवळले नाहीत. मशीनची त्या आठवड्यातली पाळी चुकली. पाय सुजले, तोंड सुजलं, रात्री झोपताना धाप लागायला लागली. पाळ्या चुकवल्या तर काय होतं ते डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. मी हात जोडले, मग ओरडले. "चालवत नाही तर उचलून नेते! तुम्हाला मरायचंय का? आणि मग तुमच्या मुलाला मी काय तोंड दाखवू?"

तेव्हा आबा म्हणाले, "चालायचं नही वं बाई. चालीन मी. पन दवाखान्यात मले हलकं करून टाकलं त्याहीनं. दर खेपेले काट्यावर उभं करतात आन् काढून घेतात. मी बसलो की गाडी जाये. आता बसलो तं अडकली. सगळ्या गावानं पाह्यलं."

मी खाली बसले. इतके दिवस ह्या माणसाला मी धुतलं, पुसलं, नेलं, आणलं, आणि त्याच्या मनात हे चाललेलं. मी फुग्याचं सांगितलं, हवेचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी लहान पोराच्या बाता ऐकताना टाकतात. "हवेवर गाडी उभी राह्यते कुठं?"

दुसऱ्या दिवशी मी पुलाकडे गेले. कंडक्टर मात्र जुन्या गाडीवरचाच. टपरीवर त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. ग्लास खाली ठेवून ड्रायव्हरकडे गेला आणि दोघं बराच वेळ बोलत होते. ड्रायव्हर मान हलवत होता, नाही, नाही. मग तो माझ्याजवळ आला. हवा सोडली तर गाडी पुलाखालून रांगत निघेल, म्हणाला, पण सवाऱ्या उतरवाव्या लागतील, भरलेल्या गाडीत फुगे फाटतील. "जिस दिन बाबा का नंबर रहेगा, बस उसी दिन. और सेठ को पता चला तो मैं नहीं जानता." मी त्याच्या पाया पडायचीच बाकी होते.

मशीनच्या दिवशी सकाळी कंडक्टर पुलाखालून चालत आमच्या दारात आला. चपला ओल्या. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने ती जुनी हाक मारली, अगदी त्याच आवाजात: "आबा, चला! वजन कमी पडून राह्यलं!"

आबा खाटेवर उठून बसले. मग मला म्हणाले, "टोपी दे."

कंडक्टरने आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून दगडांवरून गाडीपर्यंत नेलं. संध्याकाळी परतताना कमानीपाशी गाडी थांबली. ड्रायव्हरने सगळ्यांना उतरायला सांगितलं. आयुष्यभर पुलापलीकडे उतरणारी माणसं, बाया, पिशव्या, सगळे अलीकडेच उतरले आणि पाण्यातल्या दगडांवरून चालायला लागले. कुणी कुरकुर केली नाही. कंडक्टरने त्यांना काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. गाडीत आबा आणि मी. आबा बर्थवरून उठले. ह्या वेळी मी पडून राहा म्हणाले नाही. त्यांना धरून मागच्या चाकावर नेऊन बसवलं. कपडे अंगावर मोठे झालेत, मनगटाला पट्टी. त्यांनी दांडा धरला, पाय रोवले, डोळे मिटले. खाली भस्सकन हवा सुटली आणि गाडी बसली. त्यांना ते जाणवलं असणार, कारण त्यांनी दांडा अजून घट्ट धरला.

गाडी रांगत पुलाखाली शिरली. अंधार झाला. वर काही घासलं नाही. पलीकडे उजेडात आलो तसे आबांनी डोळे उघडले.

"गेली?"

"गेली आबा."

"मी बसलो म्हून."

"मग काय तर."

हे किती दिवस चालेल मला माहीत नाही. मालकाला कळेल, ड्रायव्हर बदलेल, आणि आबांची तब्येत तर रोज मी बघतेच आहे. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते. त्यांना खाटेवर टेकवलं, चप्पल काढली, आणि आत वळले तर मागून आवाज आला, इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा पूर्वीसारखा.

"वं बाई, आज एक भाकर जास्त टाक."

मी टाकली.