पन्ह्यातला अंटार्क्टिका

नागपुरात राहून ध्रुवांचा अभ्यास करतो असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "तिकडे थंडी किती असते हो?" मे महिन्यात घाम पुसत विचारलेल्या या प्रश्नात पृथ्वीची काळजी नसते, निव्वळ हेवा असतो.

मी दोनदा अंटार्क्टिकाला जाऊन आलो. तिथल्या बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या, मनगटाएवढ्या जाड कांड्यांपैकी काही आमच्या विद्यापीठाच्या वाट्याला आल्या आणि आमच्या डीप फ्रीझरमध्ये विसावल्या. त्यांच्यात अडकलेल्या धुळीवरून जुन्या काळी वारे कसे बदलत गेले ते शोधायचं, हा माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध. मौद्याकडच्या शेतकरी घरातली मुलगी. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत ती फ्रीझरवर घरची गोधडी टाकून शेजारी उभी राहायची; आत कोणी आजारी माणूस असावा तशी. वरच्या थरांची मोजणी झाली होती. सर्वांत जुने, खालचे थर फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात सीलबंद राहिले होते. त्यांच्याशिवाय प्रबंधाला अर्थ नव्हता.

तेवढ्यात विभागप्रमुखांना ध्रुवीय अभ्यास केंद्राचं उद्घाटन सुचलं. केंद्र म्हणजे तीच खोली, तोच फ्रीझर. पाटी तेवढी नवी. प्रमुख पाहुणे कुठल्याशा महामंडळाचे माजी अध्यक्ष होते. त्यांना आणायला मला रामदासपेठेत पाठवलं आणि शाली आणायला तिला सीताबर्डीला. बर्फाजवळ फक्त शिपाई उरला.

पाहुण्यांनी फीत कापली, समई पेटवली. मग पन्हं आलं. विभागप्रमुख माइकवर म्हणाले, "आजचं पन्हं साधं नाही. यात अंटार्क्टिकाचा बर्फ आहे!"

टाळ्या पडल्या. जुन्या बर्फातले हवेचे बुडबुडे वितळताना फुटतात, त्याचा चटचट आवाज येतो. पाहुण्यांनी ग्लास कानाला लावला. "अरे वा, हा तर बोलून राहिला!"

मी शिपायाला गाठलं. "कोणत्या कप्प्यातला काढला?"

"खालच्या, सर. वरच्या पिशव्या फोडलेल्या होत्या. खालच्या सीलबंद. पाहुण्याले फोडलेला माल कसा द्याचा?"

आदरातिथ्यात त्याची काही चूक नव्हती. हुकूम वरून आला होता आणि माल त्याने निवडून दिला होता.

ती शाली घेऊन आली. लोकांच्या हातातले ग्लास तिने पाहिले आणि शिपायाला विचारलं, "किती उरला गा?"

"उरला नाही ताई. पण पुरला, सगळ्यांले पुरला."

तिने शाली टेबलावर ठेवून फ्रीझर उघडून पाहिला, बंद केला. पाहुण्यांनी घसा धरेल म्हणून अर्धा ग्लास तसाच सोडला होता.

मी विभागप्रमुखांना बोललो. चढ्या आवाजात बोललो. ते शांतपणे म्हणाले, "अहो सर, बर्फच तो. पुढच्या वेळी जाल तेव्हा आणा की. आज विज्ञान समाजापर्यंत पोहोचलं, ते बघा." पोहोचलं खरं, घशापर्यंत.

आठवडाभराने ती विषय बदलायचा म्हणून आली. नवा विषय: मौद्याच्या वीज केंद्राजवळच्या गावांवर उडणारी राख.

मी म्हटलं, "पुढच्या मोहिमेत पुन्हा कांड्या मागू. दोन-तीन वर्षं लागतील, पण..."

"सर, घरचे स्थळं पाहून राहिले. मले दोन-तीन वर्षं कोण देते? राख तं आमच्या गच्चीवरच पडते." विषयबदलाचा अर्ज माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "अन् राख कोणी पन्ह्यात टाकत नाही."

मी सही केली. ध्रुवांवर काम करणारा आता विभागात मी एकटाच आहे. गोधडी तिने नेली नाही, ती फ्रीझरवरच असते. आत विभागप्रमुखांनी पुढच्या कार्यक्रमासाठी कैरीचा गर ठेवला आहे.