परक्यांचे पितर आणि आमची धवलारीण

धवलारीण बयसमोर कोणी माईक धरला, की ती त्याच्याकडे शिळ्या बोंबलाकडे बघावं तशी बघायची. मग दोन बोटांनी तो बाजूला सारून विचारायची, "तुमचे देव बहिरे हायेत का?" मांडवातला माईकवाला वायर गुंडाळायला लागायचा. ती सूर लावायची तेव्हा देवांचं मला माहीत नाही, पण समोरच्या टॉवरमधली दहाव्या मजल्यावरची माणसं गॅलरीत येऊन उभी राहायची.

आमचं गाव पूर्वी डोंबिवलीच्या शेजारी होतं, आता डोंबिवलीच्या पोटात आहे. आम्ही आगरी. आमच्या लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, पण त्याच्या आधी हळदीचा मांडव असतो धवलारणीच्या ताब्यात. तांदळाच्या पिठाचा चौक ती घालते आणि धवले गाते. धवले नुसती लग्नाची गाणी नव्हेत. त्यांतून ती आधी गावदेवीला बोलावते, मग वेशीवरच्या देवाला, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ती मंडळी येऊन बसली, की मगच नवरीला हळद लागते. बय म्हणजे आमच्यात आई. ही कोणाचीच नातेवाईक नव्हती आणि अख्ख्या गावाची बय होती.

नम्रपणा तिला माहीत नव्हता. गावातले सगळे सुखाचे संसार आपल्या गळ्यामुळे टिकलेत, असं तिचं प्रामाणिक मत होतं. माझंही लग्न तिनेच लावलेलं, त्यामुळे रस्त्यात भेटलो की पहिला प्रश्न, "बायको हाय ना अजून घरात?" मी हो म्हणालो की ती समाधानाने मान हलवायची. "मंग. माझा धवला हाय तो."

ती तरुणपणीच विधवा झाली. तेव्हा एका सुधारलेल्या पाहुण्याने, विधवा बाईने नवरीचा चौक घालावा का, अशी शंका काढली होती म्हणतात. बयने पिठाचा हात न थांबवता त्याला विचारलं, "देव मना वलखतान. तू कोन?" त्या पाहुण्याला पुढे जेवणाच्या पंगतीतही कोणी ओळख दाखवली नाही.

शेतं गेली, टॉवर आले, पण तिने ते कधी मान्य केलं नाही. रिक्षावाल्याला ती सांगायची, "कोंडूच्या शेतान सोड." तो बिचारा बिहारहून नवा आलेला. कोंडूच्या शेतात आता एटीएम आणि केकचं दुकान आहे, हे त्याला कोण सांगणार? पण महिनाभरात नाक्यावरचे सगळे रिक्षावाले आपसात 'कोंडूचं शेत' म्हणायला लागले. शहराने गाव गिळलं खरं, पण बय त्याच्या घशात काट्यासारखी उभी होती.

मग ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. तिचा मुलगा सुरेश तिला आपल्या टॉवरमधल्या फ्लॅटवर घेऊन गेला आणि म्हणाला, "आई, आता गाणं-बिणं बस. आराम कर." बय म्हणाली, "आराम मसनान हायच की."

नेमकं तेव्हाच माझ्या दादाच्या मुलीचं, मयूरीचं लग्न ठरलं. धवलारणीला बोलवायची आमच्यात रीत आहे. घरच्या कर्त्याने नारळ-विडा घेऊन तिच्या दारात जायचं. दादाने तसं केलं नाही. सुरेशने त्याला आधीच गाठून सांगितलं होतं की आईला त्रास नको. दादाने मग तिला छापील पत्रिका दिली, आग्रहाने जेवायला बोलावलं आणि धवल्यांसाठी मोबाईलवरून कुठल्याशा लग्नातलं रेकॉर्डिंग शोधून ठेवलं. आमच्याकडे माणसाला त्याच्या जागेवरून उठवायचं असलं, की आधी त्याचा खूप मान राखतात.

मी तिला भेटायला गेलो तेव्हा पत्रिका टीव्हीवर ठेवलेली होती. "यावर जेवाला जातान," ती म्हणाली. "माझा नारल कुठं हाय?" मग हळू आवाजात, "आज तुमचं घर इसरलं, उंद्या दुसरं इसरंल. मंग मी कोन रं? पाय मोरलेली म्हातारी."

हळदीला ती आली. पाहुणी म्हणून, वॉकर आपटत, ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसली. मयूरी पाटावर. दादाने स्पीकर लावला. गावदेवी आली, वेशीवरचा देव आला, तिथपर्यंत सगळं ठीक. मग रेकॉर्डिंगमधल्या बाईने तिकडच्या लग्नघरचे पितर बोलवायला घेतले. उरणचा कोणी धर्मा. त्याची बायको गोमाबाय. त्याचे दोन भाऊ. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बय अगदी सभ्यपणे ऐकत होती.

"यो धर्मा कोन?" तिने विचारलं.

"बय, रेकॉर्डिंग आहे ते," दादा म्हणाला.

"त्याला काय ठावं? त्याला हाक आयली, तो आयला. उरनवरशी आयलाय बिचारा, पाट मांड त्याला. गोमाबायला पानी दे." माझी बायको पदरात तोंड घालून हसत होती. मी तर खांबाला धरून उभा होतो. तेवढ्यात बय दादाकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. "आन तुझा बापूस भायेर उबा हाय. त्याला कोनी हाकच नाय मारली."

हसणं थांबलं. दादाने जाऊन स्पीकर बंद केला. "बय, तू म्हण," तो म्हणाला.

"नारल."

तो स्वयंपाकघरातून नारळ घेऊन धावत आला. बयने त्याला हातही लावला नाही. "हितं नाय. माझ्या दारान."

आणि ती उठली. अख्खा मांडव ताटकळत, हळद वाटीत, नवरी पाटावर, आणि ही वॉकर टेकत रस्ता ओलांडून सुरेशच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरली. मागून दादा, हातात नारळ-विडा, आणि त्याच्या मागे मी. असला तमाशा मी सोडणार होतो थोडाच. वॉचमनने दादाला अडवलं, कोणाकडे जायचंय म्हणून. दादा सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं म्हणाला, "धवलारणीकडे."

वर दार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत ती खुर्ची टाकून बसली होती, जशी सकाळपासून वाटच बघत असावी. दादा वाकला, नारळ-विडा तिच्या ओटीत घातला. "आई, डॉक्टरांनी…" सुरेशने तोंड उघडलं. "त्याला पन बोलाव हलदीला," बय म्हणाली.

मांडवात परत येऊन ती उभी राहून गायली. त्याआधी मयूरीच्या मैत्रिणींनी वॉकरला आंब्याचे डहाळे बांधले होते. तिने गावदेवीला बोलावलं, उरणकरांना जेवून जा म्हणून सांगितलं, आणि मग आमच्या वडिलांचं नाव घेतलं. दादाने मान वळवून मांडवाच्या दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.

त्यानंतर तिच्या दारात नारळ यायचे थांबले नाहीत. बोलवायला येणाऱ्यांना ती बजावायची, "मी गेल्याव रडा, मी नाय बोलनार नाय. पन सुरान रडा."

ती गेली तेव्हा सगळं गाव त्या फ्लॅटमध्ये आणि जिन्यावर. कोणीतरी शहाण्याने भजनासाठी छोटा स्पीकर आणून लावला. सुरेश उठला आणि त्याने तो बंद केला. "तिला चालणार नाही," तो म्हणाला.

मयूरी वर्तकनगरहून, सासरहून आली आणि दारातच तिने टाहो फोडला. आवाज फाटला, भलताच वर गेला. शेजारच्या म्हातारीने तिला कोपराने ढोसलं. "खाली घे."

मयूरीने हुंदका गिळला आणि खाली घेतलं. मग एकेक बाई तिच्या आवाजात आपला आवाज मिसळत गेली. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या टॉवरमध्ये, दहाव्या मजल्यावर, माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली होती.