दिवेकाका आणि गोठ्यातला उजेड

त्या संग्रहालयात चित्रांवर प्रकाश पाडण्याचे काम एकतीस वर्षे एकाच गृहस्थांच्या हाती होते. सारे त्यांना दिवेकाका म्हणत. अपवाद त्यांच्या थोरल्या बहिणीचा. ती तेथेच दालनांची पहारेकरीण होती, आणि भावाला चारचौघांत ‘अरे बावळटा’ अशी हाक मारण्याचा हक्क तिने कधीही सोडला नव्हता.

दिवेकाकांची निष्ठा अशी, की प्रत्येक चित्रात चित्रकाराने स्वतःचा एक प्रकाश कल्पिलेला असतो. तो कोठून येतो हे ओळखावे आणि आपला दिवा नम्रपणे त्याच बाजूला लावावा. दिशा सापडावी म्हणून ते जळून गेलेला एक दुधी बल्ब चित्रातील चेहऱ्यासमोर, हातभर अंतर राखून धरत. बल्बच्या गोल पोटावरची छाया त्या चेहऱ्यावरच्या छायेशी जुळेपर्यंत ते दिवा इकडून तिकडे हलवत राहत. त्यामुळे जळके बल्ब ते टाकून देत नसत. घरी पलंगाखाली तीन खोकी भरली होती. “लोक पेटते दिवे घरी आणतात, आमचे हे मेलेले आणतात,” ही त्यांच्या पत्नीची जुनी तक्रार.

त्या वर्षी परदेशातून सतराव्या शतकातल्या बरोक शैलीतील तीस धर्मचित्रे प्रदर्शनासाठी आली. गडद काळोख, त्यातून उसळणारे तेज, आणि त्या तेजात न्हालेले संत व देवदूत, असा तो सारा वैभवशाली पसारा होता. संग्रहालयाच्या प्रमुखबाईंचा विचार मात्र छतालाच एकसारख्या उजेडाच्या पट्ट्या ठोकून टाकण्याचा होता. बाई कडक, पण न्यायी. त्या म्हणाल्या, “दिवेकाका, सर्वांत मोठं चित्र आधी घ्या. चार वाजेपर्यंत ते जमलं, तर बाकीची एकोणतीस तुमची. नाही जमलं, तर उद्या पट्टीवाले येतील आणि तुम्ही फक्त बटण दाबायचं.”

बटण दाबायचे! एकतीस वर्षांच्या साधनेला हे उत्तर. दिवेकाका जळक्या बल्बांची पिशवी खांद्याला अडकवून शिडीवर चढले.

चित्र होते गोठ्यातील ख्रिस्तजन्माचे. मध्ये गवतावर बाळ, डावीकडे आई व तिचा म्हातारा पती जोसेफ, उजवीकडे एक मेंढपाळ आणि गाढव, वर तरंगणारा देवदूत. दिवेकाकांनी बल्ब आईसमोर धरला, दिवा उजवीकडे नेला, छाया जुळली. तोच बल्ब मेंढपाळासमोर धरला, तर सावली नेमकी उलटी! दिवा डावीकडे नेला, मेंढपाळ खूश, आई रुसली. देवदूताची तर हनुवटीच उजळलेली. तीन वाजेपर्यंत शिडीने दालनाला बावीस फेऱ्या घातल्या.

“अरे बावळटा,” बहीण दारातून म्हणाली, “तुला हात दोन आणि तोंडं पाच. दे ते पिशवीतले दुधी भोपळे आमच्याकडे.”

“ताई, हे शास्त्र आहे.”

“असू दे शास्त्र. घाम पूस आधी.”

तिने हाकाटी केली. तिकीटखिडकीवरची मुलगी आली, छत्र्या-पिशव्या सांभाळणारे आजोबा आले, चौकटी करणारा सुतार आला. ताईने भूमिका वाटल्या. स्वतः आई झाली, आजोबांना जोसेफ केले, मुलीला मेंढपाळ केले, आणि सुताराच्या हाती बल्ब देऊन म्हणाली, “तू गाढव.”

“मी का म्हणून?”

“चेहरा बघून दिलंय.”

“मग देवदूत कोण?”

“शिडीवर आहे तो. वजन जास्त झालंय जरा, पण चालवून घेऊ.”

आजोबांना हसू आवरेना. त्यांचा बल्ब थरथरू लागला. त्यांच्याकडे पाहून मुलीला हसू फुटले, तिला पाहून सुतार खिंकाळला, आणि ते खिंकाळणे इतके अस्सल होते की ताईलाही भिंतीचा आधार घ्यावा लागला. शिडीवरून दिवेकाका ओरडले, “हसू नका! बल्ब स्थिर धरा! आपापल्या बल्बवर उजेड कुठून यायला हवा, तिकडे बोट करा!”

डोळे पुसत पुसत सर्वांनी चित्रातील आपापला चेहरा न्याहाळला आणि बोटे उचलली. ताईचे आणि आजोबांचे बोट उजवीकडे, मुलीचे डावीकडे, गाढवाचेही डावीकडे. शिडीवरून दिवेकाकांचे स्वतःचे बोट थेट खाली.

आणि ती सारी बोटे एकाच ठिकाणी रोखलेली होती. बाळावर. बाळासाठी बल्ब कोणी धरलाच नव्हता!

एकतीस वर्षे प्रकाशाचा उगम चित्राच्या बाहेर धुंडाळण्याची सवय. येथे तो आतच निजला होता, गवतावर, मुठी वळून. ते शिडीवरून जवळजवळ घसरतच उतरले. “पडदे ओढा! सगळे दिवे घालवा! काळा कागद आणा!” सुताराने कागदाची अरुंद नळी वळली. एकाच दिव्याला ती लावून दिवेकाकांनी मंद झोत फक्त बाळावर सोडला, थाळीएवढा.

काळोखात बाळ उजळले. मग जणू त्याच्याच अंगातून आईचा गाल, मेंढपाळाचे कपाळ, गाढवाचे ओले नाक आणि अगदी वर देवदूताची हनुवटी हळूहळू उमलत गेली. कोणी “आई गं!” म्हणाले. बहुधा गाढवच.

चार वाजता दार उघडले. “इतका अंधार? वीज गेली का?” प्रमुखबाईंनी विचारले.

“वीज नाही गेली, बाई,” ताई काळोखातून म्हणाली, “बाळ झालंय.”

बाई दोन पावले आत आल्या आणि थबकल्या. मागे आजोबांच्या दाबलेल्या हसण्याचा फुसफुस आवाज येत होता. शेवटी बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

“पट्टीवाल्यांना नको म्हणून कळवते,” त्या म्हणाल्या, आणि मग कडक राहण्याचा निकराचा प्रयत्न करीत, “पण दिवेकाका, बाकीची एकोणतीस आठ दिवसांत व्हायला हवीत.”

“होतील, बाई. आजच दुसरं धरतो.”

दुसरे चित्र एका संताच्या स्वर्गारोहणाचे होते. संताला ढगांतून उचलून नेणारे अकरा गुबगुबीत देवदूत, एकाच्याही अंगावर धड वस्त्र नाही. ताई पुन्हा भूमिका वाटायला सरसावली. सुताराने चित्र नीट निरखले, बल्ब खाली ठेवला आणि प्रमुखबाईंना शांतपणे विचारले, “बाई, मी जाऊ का आता?”