देवी येऊन गेली

देवी माझ्याकडे कधी बघते तरी का, ही शंका मला तिच्या तसबिरीसमोर बसूनच यायची. लग्न झाल्यापासून मंगळवार धरले, नवरात्रात अनवाणी राहिले, पण कूस उजवली नाही. धाकटी जाऊ सुलू लालबागच्या आमच्या चाळीत आली, तिने एक उपास धड पाळला नाही, आणि वर्षभरात तिला मोहन झाला. बारशाला पाळण्याची दोरी मीच ओढली. काकूचा किती जीव आहे, असं सगळे म्हणाले. जीव होताच, पण त्याखाली काय जळत होतं ते मला ठाऊक. आज पन्नाशी उलटल्यावर लिहून टाकते आहे.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलं होतं त्या दिवसांतली गोष्ट. त्यातच देवीची साथ आली आणि मोहन गेला. अंगावर फोड उठले की देवीच घरी आली असं आम्ही कोकणातली माणसं मानायचो. मूल दगावलं तरी रडायचं नाही, रडलं तर ती कोपते. घरात मोठी मी. सुलूला ते मीच बजावलं, मोहनचं नावसुद्धा काढू दिलं नाही. ती रडली नाही. तिने जेवण सोडलं, तिची झोप गेली, आणि एक दिवस केस मोकळे सोडून ती घुमू लागली.

झालं, चाळीतल्या बायका हळदकुंकू घेऊन दारात. देवी हिच्या अंगात आली म्हणाल्या. तिला ‘आई’ म्हणू लागल्या, साथ कधी हटेल म्हणून कौल मागू लागल्या. शेजारच्या काशीबाईंनी मला ऐकवलंच, “एवढे उपास केलेस गो, पण देवी दार चुकली म्हणायची.” सगळ्या हसल्या. मीही हसले. सुलू भ्रमिष्ट झाली आहे हे मला कळत नव्हतं असं नाही, तिच्या ताटातला भात रोज मीच परत काढत होते. तरी आतून एकच येत राहायचं, पोर झालं तेही हिला, आणि आता देवीसुद्धा हिलाच.

त्याच भरात एका सकाळी मी पोलीस चौकीवर गेले. तिथल्या साहेबांना म्हटलं, “आमच्या जावेला देवी आलीय.” एवढंच. साथीचे दिवस, त्यांना वाटलं घरात रोगी लपवलाय. साथीच्या दवाखान्यात हलवायचा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे दिला. अंगावर नाही, अंगात, हा एक शब्द मी सांगायला हवा होता. नाही सांगितला. नेली तर नेली, घर मोकळं होईल, असं मनात आलं.

दुपारी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि एक हवालदार चाळीत शिरला. मोर्च्यावर पोलिसांचा गोळीबार झाल्यापासून आमच्याकडे खाकी दिसली की माणसं पिसाळत. वरून शिव्या सुरू झाल्या, कुणी पाणी ओतलं. त्या आरड्याओरड्यात सुलू तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर चढून उभी राहिली. बायका हात जोडून ‘आई, आई’ करू लागल्या, आणि त्या प्रत्येक हाकेला ती आणखी बाहेर झुकू लागली. मी तिच्या मागे दोन पावलांवर होते. मी जे मागितलं होतं ते आता समोर उभं होतं.

हवालदार काठी जिन्यात ठेवूनच वर आला. तोंडभर देवीचे वण, पुन्हा लागण व्हायची नाही, म्हणून साथीच्या घरी त्यालाच धाडत असावेत. तिच्या अंगावर एक फोड नाही हे त्याने पाहिलं. शिट्टी फुंकून माणसं बोलावणं त्याच्या हाती होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तो गॅलरीत चक्क मांडी घालून बसला. काय झालं म्हणून त्याने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, “तिचा मुलगा गेला.” तेव्हा तो आमच्याच बोलीत तिला म्हणाला, “बाय, झिलाचा नाव काय गो तुज्या?”

इतक्या दिवसांत तिला आई न म्हणणारा तोच पहिला. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “मोहन.”

“मगे रड गो. देवी रागावची नाय. माज्या तोंडार बसलेली आसा ती, माका म्हायत.”

सुलूच्या तोंडून जो हंबरडा फुटला तो अजून माझ्या कानात आहे. तिचा तोल माझ्याकडे गेला आणि मी तिला कमरेला धरून आत ओढलं. हवालदार टोपी घालून खाली उतरला. रोगी कुठे म्हणून गाडीवाल्याने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “देवी येवन गेली.” गाडी रिकामीच परत गेली. तो पुन्हा कधी दिसला नाही. चौकीवर जाऊन त्याची चौकशी करायचा मला धीर झाला नाही.

पुढे कितीतरी वर्षं मला हेच खात राहिलं की त्या दुपारीही देवी सुलूसाठीच आली, माझ्यासाठी नाही. पण त्या हवालदाराला बोलावणं धाडलं कुणी? माझ्याच जिभेने, तेही वाईट मनाने. तो निरोपसुद्धा तिने वाया जाऊ दिला नाही, आणि माझ्या हातून घडणार होतं ते माझ्याच हातांनी आवरलं. याहून जास्त तिने माझ्याकडे कसं बघायचं? आता मी तिच्याकडे काही मागत नाही.

सुलूला नंतर मुली झाल्या. हेवा पुरता गेला असं म्हटलं तर खोटं होईल. पण नवरात्रात तिचे डोळे भरून आले की मी तिच्या शेजारी जाऊन बसते, मोहनचं नाव आधी मीच घेते, आणि तिला म्हणते, रड गो.