कोठीआड गेलेलं वायफाय

टोकावड्याच्या आमच्या घरात वायफायचा डबा ओटीवर, माझ्या खाटेच्या डोक्याशी टांगलेला. भात झोडून झालं त्या आठवड्यात तो मागच्या खोलीत पोचेनासा झाला, आणि गुरुवारी अकराला सुनेची मोबाईलवर व्हिडिओ कॉलने मुलाखत होती. घरी बसून करायची नोकरी. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला कुठून बोलावणं आलं होतं.

मी आधी तिलाच झापलं. "दिवसभर बोट फिरवत बसलं की असंच होणार!" मग कल्याणला कामावर असलेल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, डबा बंद करून चालू करा. केला. मोबाईलही बंद करून चालू केला. नेटवर्क काढून टाकून पासवर्ड नव्याने घातला, त्यातही दोनदा चुकलो. ओटीवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, मागच्या खोलीत एकसुद्धा नाय. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. केबलवाल्याला फोनवर असा फैलावर घेतला की त्याने फोनच कापला.

बुधवारी संध्याकाळी मोबाईल हातात धरून मी ओटीवरून आत चालत गेलो. मधल्या घरात पत्र्याची भाताची कोठी. तिच्यापलीकडे पाय टाकला आणि दांड्या गेल्या. नव्या भाताने गळ्यापर्यंत भरलेली ती कोठी रविवारी मीच तिथे लावून घेतली होती. पूजा झालेली कोठी आमच्या घरात होळीपर्यंत जागची हलत नाय.

"तुला ठाऊक होतं?" मी सुनेला विचारलं.

"रविवारीच कळलं, बाबा."

"मग ओटीवर का नाय बसलीस?"

"तुमी असता ना तिथं. तुमच्यासमोर खुर्चीवर बसून मोठ्यानं कसं बोलू?"

माझी मलाच लाज वाटली.

गुरुवारी दहालाच मी खाट अंगणात काढली. गप्पा मारायला येणाऱ्यांना तिथूनच वाटेला लावलं. अकराला ओटीवर खुर्ची मांडून तिने अंगणाकडचं दार लोटून घेतलं आणि आतून आवाज आला, चांगला खणखणीत, मधूनमधून इंग्रजीत. एकदा तर ती खळखळून हसली. नोकरी लागली, पेढेही वाटले. पण चार वर्षं एका घरात राहून सुनेचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तोही दाराबाहेर बसून.