विमानाच्या दारात मागे वळून

आमच्या वाडीतून विलायतेला निघालेला पहिला माणूस स्वतःची बॅग घरीच विसरून निघाला होता. तो माणूस मी.

आमचं घर कर्जतजवळ, कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर. वडील रेल्वेत गँगमन, घाटात ठाकुरवाडीच्या बाजूला रुळांवर त्यांचं काम. त्या दिवशी त्यांनी रजा घेतली होती आणि रजेच्या दिवशी काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं. सगळी वाडी ओट्याशी जमली होती. आई एकटीच बोलत होती, आणि तेही एकच वाक्य.

"किसना, निगालास की मागं वळून बगायचं नाय. काय बी हू दे."

आम्ही बौद्ध झालो तेव्हा वडिलांनी घरातल्या जुन्या रीती एकेक करून काढून टाकल्या होत्या. दारावरचं लिंबू गेलं, मिरच्या गेल्या, आमुश्येचे उतारे गेले. आईनं कशालाही हरकत घेतली नाही, फक्त ही एक रीत पदराआड लपवून ठेवली. वडील म्हणायचे, "ह्ये बी सोड की आता." ती म्हणायची, "येवढं एक ऱ्हाऊ द्या." आणि ते राहिलं.

तर मी निघालो. हातात भाकरी आणि सुकटीच्या चटणीचा डबा. दहा पावलं गेलो नाही तोच मागून हाका. "किसना! ए किसना! अरं थांब!" मला वाटलं, माझ्यावर किती जीव आहे या लोकांचा! डोळे भरून आले. जितक्या हाका वाढल्या तितका मी भरभर चालत सुटलो. आवाज बायकांचा, पोरांचा, शेवटी चक्क वडिलांचाही. जन्मात कधी मोठ्यानं न बोललेला माणूस माझ्यासाठी ओरडतोय म्हटल्यावर मी जवळजवळ पळायलाच लागलो.

नदीच्या पुलाशी माझा धाकटा भाऊ बबन सायकलवरून मला ओलांडून पुढे गेला आणि सायकल आडवी घालून उभा राहिला. कॅरिअरला माझी बॅग.

"दादा, भैरा झालास का रं?"

"मागं बघायचं नव्हतं."

"मग थांबायचं तरी!"

थांबता येतं, हे मला खरंच सुचलं नव्हतं.

ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की माझ्या मुलांना ती तोंडपाठ आहे. आज पुन्हा लिहितोय, कारण गावाकडे राहिलेल्या तुम्हा मंडळींना आणि माझ्यासारखं कर्जत सोडून इकडे आलेल्यांना एक जास्तीचं सांगायचं आहे. त्या दिवशीची ती ताठ मान पुढे मला आकाशात नडली. अगदी खऱ्याखुऱ्या आकाशात.

रसायनीच्या कारखान्यात फिटरचं काम शिकलो होतो, त्या जोरावर इंग्लंडच्या मधल्या भागात एका कारखान्यात लागलो. इथल्या आमच्या गल्लीत सगळी घरं एकाच साच्यातली. पहिल्या हिवाळ्यात मी नाइट शिफ्टहून येऊन शेजारणीच्या दाराला किल्ली लावत बसायचो. कर्जतला कुणाचं घर कुठलं हे कौलांवरच्या भोपळ्याच्या वेलावरून कळायचं. इथे दारावरचा नंबर वाचायला चष्मा लागतो. हळूहळू सगळ्याची सवय झाली. लग्न झालं, खोपोलीकडची सुमन बायको म्हणून आली, बॉयलर सूट, ओव्हरटाइम, थर्मास हे शब्द घरात मीठमिरचीसारखे वापरात आले. दर चार-पाच वर्षांनी गावी जायचं, आणि निघताना मान ताठ ठेवून यायचं.

चाळिशी ओलांडली तेव्हाची गोष्ट. कॅन्टीनमध्ये कुणीतरी कागद फिरवत होतं: हॉस्पिटलसाठी वर्गणी जमवायला पॅराशूटनं उडी मारायची आहे, उडीमागे लोक पैसे देतात, कोण येतो? मी चहा पीत म्हणालो, "माझा बाप घाटात दरीच्या कडेनं चालून रूळ तपासायचा. उंचीचं आम्हाला काही नाही." एवढं बोलायची काही गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत माझं नाव लागलं होतं.

तर नव्यानं उडी मारू पाहणाऱ्यांनो, हे ऐका. मी काही तज्ज्ञ नाही, माझ्या उड्या बोटांवर मोजता येतील. पण नवख्याचं नवख्याला जास्त कळतं. या खेळात उडी फार थोडी असते, बाकी सगळं बसणं. वारा जास्त, बसा. ढग खाली आले, बसा. जुन्या लष्करी विमानतळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये चहा पीत लग्नाच्या वऱ्हाडासारखं ताटकळायचं. म्हणून डबा घरून न्यावा. पण उडीआधी पोटभर जेवू नये. मी वांग्याचं भरीत खाऊन गेलो होतो, त्यापुढचं सांगत नाही. जमीन जवळ आली की खाली बघू नये, समोर लांब बघावं. खाली बघितलं की जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटते आणि माणूस पाय वर घेतो. पाय आणि गुडघे घट्ट जुळवून ठेवावेत आणि टेकताच कुशीवर लोळण घ्यावी. उभं राहून शान दाखवायला जाल तर घोटा जाईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेच मला जमत नव्हतं. नवख्याचं पॅराशूट आपोआप उघडतं. त्याचा पट्टा विमानाला बांधलेला असतो, आपण पडलो की तो ओढला जातो. आपलं काम एकच. छोट्या विमानाच्या दारातून बाहेर यायचं, चाकावरच्या पायरीवर पाय ठेवायचा, पंखाखालचा दांडा धरून लोंबकळायचं आणि मागे वळून शिकवणाऱ्याकडे बघायचं. तो "जा" म्हणाला की हात सोडायचे, तरीही त्याच्याकडेच बघत राहायचं. मागे-वर बघितलं की पोट पुढे येतं, अंगाचा बाक बरोबर होतो आणि माणूस सरळ पडतो. खाली बघितलं की कोलांट्या.

मला शिकवणारा टेरी, पूर्वी सैन्यात होता, बोलणं कमी आणि मिशी जास्त. पहिल्या उडीला मी हात सोडले आणि मान पुढे. कोलांटी खाऊन पॅराशूट उघडलं. दुसऱ्या खेपेला त्यानं जमिनीवर माझ्याकडून दहादा म्हणून घेतलं, मागे बघ, मागे बघ. दारात गेलो, दांडा धरला, बघितलंही. पण "जा" म्हटल्याबरोबर, म्हणजे निघायची वेळ आल्याबरोबर, मान आपली आपण पुढे फिरली. या वेळी दोऱ्यांना पीळ बसला. चिंचेला बांधलेल्या झोक्याला पीळ पडल्यावर आपण पाय झाडतो ना, तसे पाय झाडत मी तो सोडवला आणि बिटाच्या शेतात जाऊन पडलो.

टेरी शांतपणे म्हणाला, "पुन्हा असं झालं तर मी तुला वर नेणार नाही. तुझ्या बायकोला उत्तर मला द्यावं लागेल."

घरी सुमनचं निराळंच. ती एकदाही मैदानावर आली नव्हती. "नीट पडायला शिकाल तेव्हा बोलवा," म्हणाली, आणि माझ्या चिखलाच्या पँटकडे बघून, "आणि पुन्हा असं पडलात तर बोलावूच नका."

सोडून द्यायला हवं होतं, कळतं. पण तुम्हाला कसं सांगू, छत्री उघडली की एकदम सगळं गप्प होतं. खाली शेतांचे तुकडे, बांधासारखी कुंपणं, एक बारकी नदी. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन घाटात चढायचो तेव्हा वरून आपला मुलूख असाच दिसायचा. इतकी वर्षं या देशात काढली. खाली असताना रोज कुठेतरी आठवण व्हायची की आपण बाहेरचे. वरून कुठलंच गाव परकं दिसत नाही. ती मिनिटं मला हातची जाऊ द्यायची नव्हती.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही गावी गेलो. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आई ओट्यावर आंबोशी वाळत घालायची आणि मी समोरच्या कोरड्या शेतात बांधावरून उड्या मारायचा सराव करायचो, खाली पेंढा पसरून. पाय जुळवायचे, उडी, लोळण.

बबन बैलांना पाणी दाखवून येता-येता थांबला. "दादा, ह्ये शिकाया विलायतेला गेलास व्हय? आमी तर रोज पडतो बांधावरनं. कुनी टाळ्या बी वाजवत नाय."

आईनं मला हाक मारली. "किसना, हिकडं ये. खरं सांग, काय करतोस तिकडं?"

मी सगळं सांगितलं. पट्ट्याचं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजी बांधूनच सोडतात. मंग बरं." मग विचारलं, "आन् तो मिशीवाला कुटं बगायला सांगतो?"

"मागं. त्याच्याकडं."

"मंग बगत का नायस?"

"तूच सांगितलंयस ना. निघताना मागं बघायचं नाही."

आई पदर तोंडाला लावून अशी हसली की आंबोशीची परात कलंडली. "अरं माज्या देवा! ते घरातनं निगताना रं! आबाळातनं निगताना मी कवा सांगितलं हुतं?" आणि घरात बघून, "सुमन, आयकलंस का गं तुजा नवरा काय बोलतोय ते?"

"रोज ऐकते," आतून उत्तर आलं.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "पण आई, ती रीत आहे तरी कशासाठी?"

आंबोशी गोळा करत ती म्हणाली, "तू वळून बगितलं असतंस तर तुजा पाय निगाला असता का?" मग परात सरळ करत म्हणाली, "या खेपेला बग. सवय कर. मानंला कळू दे."

रजा संपली. निघायच्या सकाळी पुन्हा ओट्याशी गर्दी. या वेळी दोन्ही बॅगा मी आधी मोजून हातात घेतल्या. सुमन आणि मुलं पुढे चालत होती. करंजाच्या वळणाशी आलो, तिथून पुढे घर दिसत नाही. थांबलो. बॅगा खाली ठेवल्या आणि विमानाचा दांडा धरावा तसा करंजाचा बुंधा धरला. मग मान वळवली.

बबन हात हलवत होता, पोरं नाचत होती, शेजारच्या बायका बघत होत्या. आणि आई पाठ करून उभी होती. तोंड दाराकडे, एक हात खांबावर. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं, मी वळणाआड होईपर्यंत माझ्याकडे टक लावून बघणारी आई. ते चित्र कधी घडलंच नव्हतं.

"आई!" मी ओरडलो.

ती वळली नाही. तशीच मोठ्यानं म्हणाली, "चाल तू! थांबू नको! मला आयकू येतंय!"

वळणापलीकडे गेल्यावर मी सुमनला विचारलं. ती म्हणाली, "त्या कायम अशाच उभ्या राहतात. लग्नानंतर तुम्ही एकटे परत गेलात तेव्हा मी त्यांच्या शेजारी होते ना. पावलांचा आवाज येईनासा होईपर्यंत हलल्या नाहीत. बघितलं की हाक मारावीशी वाटते, म्हणाल्या, म्हणून ऐकायचं." मग म्हणाली, "तुम्हाला कसं कळणार? तुम्ही कधी वळलात?"

इंग्लंडात परत आलो. दोन शनिवार वाऱ्यात गेले. तिसऱ्या शनिवारी आकाश धुतल्यासारखं निघालं. सुमन पहिल्यांदा मैदानावर आली होती, हातात डबा, अंगावर माझा जुना ओव्हरकोट.

विमान वर गेलं. दार उघडलं, वारा आत घुसला. पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला, लोंबकळलो. डावीकडे मागे, दारात टेरी, मिशी वाऱ्यानं उलटी झालेली. तो "जा" म्हणाला. मी हात सोडले आणि त्याच्याकडे बघत राहिलो. विमान वर वर जात लहान झालं, मिशी दिसेनाशी झाली, तरी बघत राहिलो. अंगानं आपणहून बाक घेतला. वर पॅराशूट फुललं, एकही पीळ नाही.

खाली येताना मला ओटा आठवत होता. इतके दिवस मी समजायचो की घर म्हणजे आपण जे मागे टाकून आलो ते. आता वाटतं, घर जागेवर नसतंच. आपण निघालो की कुणीतरी कान देऊन उभं असतं, कर्जतला असो की इथे, तेवढं घर. ते आपल्याकडे बघत नाही म्हणून उभं नाही, असं नाही.

पाय जुळवले, समोर बघितलं, गवतावर लोळण घेतली. टेरीनं नंतर पाठीवर एक थाप मारली, त्याच्या हिशेबानं ते मोठं भाषण होतं. मी पॅराशूट काखेत गोळा करून, गवत झटकत, शेडजवळ उभ्या असलेल्या सुमनकडे गेलो. छाती फुगली होती. विचारलं, "बघितलंस? कशी सरळ आली उडी?"

ती डब्याचं झाकण उघडत होती. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच.

"मी कुठं बघितलं? मी पाठ करून उभी होते. धप्प आवाज आला, मग वळले. या आता, जेवून घ्या."