आजोबांच्या कानावर हेडफोन

औरंगाबादला लहान मुलांचे कान तपासायचं काम मी नुकतंच सुरू केलं होतं. एके दिवशी खुलताबादहून एक आजोबा तीन वर्षांच्या नातीला घेऊन आले. तिथल्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. नातीला डाऊन सिंड्रोम होता. चालायला उशिरा लागली, बोलत अजून नव्हती. बालवाडीच्या बाईंनी कान तपासून आणायला सांगितलं होतं.

“कान एकदम ठीक हायेत, मॅडम,” आजोबा म्हणाले. “हाक मारली की वळती. कागद तेवढा द्या.”

‘ऐकू आलं की हात वर कर’ असं त्या पोरीला सांगून भागणार नव्हतं. मी तिला आजोबांच्या मांडीवर बसवलं. डावीकडून किंवा उजवीकडून आवाज सोडायचा. मूल तिकडे वळलं की त्या बाजूच्या काळ्या पेटीत दिवा लागतो आणि खेळण्यातलं अस्वल नाचतं. अस्वल बघायला मूल पुन्हा पुन्हा वळतं, आणि मग आवाज कमी करत जायचं.

पोरीला अस्वल भलतंच आवडलं. अगदी बारीक आवाजालाही ती वळत होती. कागदावर ‘उत्तम’ लिहायला मी पेन उचललं, तेवढ्यात ती उजवीकडे वळली. आवाज तर मी सोडलाच नव्हता! मग माझी नजर आजोबांच्या उजव्या गुडघ्यावर गेली. तो हलला, म्हणून ती तिकडे वळली होती.

“आजोबा, तुम्ही गुडघा हलवताय.”

“मी? नाय हो!” त्यांनी गुडघ्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. मग स्वतःच हसत सुटले.

चूक माझी होती. मांडीवर घेणाऱ्याला आवाज कळू नये म्हणून त्याला हेडफोन लावायचे असतात. वडीलधाऱ्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून मी टाळलं होतं. आता लावले आणि कव्वाली सुरू केली. आजोबा डोळे मिटून डोलू लागले, त्यांच्याबरोबर पोरगीही. शेवटी नुसती खरखर लावली.

“ही कसली कव्वाली? भजी तळल्यासारखी!” ते मोठ्यांदा ओरडले.

या वेळी पोरगी फक्त मोठ्या आवाजांना वळली. कानाच्या पडद्याची तपासणी केली, तर दोन्ही कानांत पडद्यामागं पाणी साठलेलं. अशा मुलांच्या कानाची आतली नळी अरुंद असते, त्यामुळे असं बऱ्याचदा होतं, हे मी समजावलं. आजोबा हळूच म्हणाले, “मी हाक मारतो ती साऱ्या बाजाराला ऐकू जाती. म्हणून वळत आसंल.”

“यावर इलाज आहे,” मी म्हटलं.

कानाच्या डॉक्टरांनी पाणी काढून पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. दोन महिन्यांनी दोघं परत आली तेव्हा पोरीनं बारीक आवाजालाही वळून अस्वलाला जराही उसंत मिळू दिली नाही.

जाताना व्हरांड्यात ती एकाएकी थांबली. वर कौलांखाली कबूतर घुमत होतं. तिनं बोट वर केलं.

“कू,” ती म्हणाली.

“मॅडम, ऐकलं का?” आजोबांनी अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं विचारलं.